रिकाम्या खोऱ्याच्या तोंडावरचं गाव : हेल्म्सडेल

आज आपण ज्या गावाबद्दल बोलणार आहोत त्याची वस्ती हजाराच्याही आत आहे. एक नदी, तिच्या मुखाशी छोटं बंदर, दोन पूल, थोडी दुकानं, एक रेल्वे स्टेशन. नाव हेल्म्सडेल. स्कॉटलंड म्हटलं की आपल्याला एडिनबराचा किल्ला आठवतो, बॅगपाइप आठवतो, फार तर लॉख नेसचा तो राक्षस आठवतो. हेल्म्सडेल कुणाला आठवायचं कारण नाही. आम्ही ते निवडलं त्याचं कारण एवढंच की या गावात उभं राहून मागे वळून पाहिलं तर एक प्रश्न पडतो, आणि त्या प्रश्नाचं उत्तर शोधताना अख्ख्या उत्तर स्कॉटलंडचा दोनशे वर्षांचा इतिहास हाती लागतो.

आधी गाव कुठे आहे ते पाहू. नकाशात स्कॉटलंडच्या वरच्या टोकाला, उजव्या बाजूला सदरलँड नावाची काउंटी आहे. इन्व्हर्नेस हे तिकडचं मोठं शहर. तिथून रेल्वे उत्तरेला निघते, आत-बाहेर वळणं घेत घेत पूर्व किनाऱ्याला लागते. गोल्स्पी येतं, ब्रोरा येतं, डावीकडे डोंगर आणि उजवीकडे अगदी खिडकीखाली समुद्र. मग हेल्म्सडेल. इथपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने आलेली गाडी इथून पुढे किनारा सोडते आणि डावीकडे आत शिरते. कारण पुढे 'ऑर्ड ऑफ केथनेस' नावाचा कडा थेट समुद्रात उतरलेला आहे, तिथून रूळ नेणं परवडणारं नव्हतं. म्हणून १८७४ साली जी लाइन पुढे विक आणि थर्सोपर्यंत पोचली, ती हेल्म्सडेल नदीच्या खोऱ्यातून वर चढत, मोठा वळसा घालून पोचली.

या खोऱ्याला 'स्ट्रॅथ ऑफ किल्डोनन' म्हणतात. स्ट्रॅथ म्हणजे रुंद, सपाट तळाचं नदीचं खोरं. गाडी त्यातून जात असते तेव्हा प्रवासी खिडकीला नाक लावून बसतात. नदी काय सुंदर! दोन्ही बाजूंना गोलसर टेकड्या, तपकिरी-जांभळ्या झुडपांनी झाकलेल्या. मधूनच हरणांचा कळप. आणि माणूस? मैलन् मैल जवळजवळ कुणीच नाही. मध्येच एखादं घर, एखादा शिकारी बंगला. किल्डोनन आणि किनब्रेस ही स्टेशनं तर मागणीवर थांबणारी, म्हणजे उतरायचं असेल तर गार्डला आधी सांगून ठेवायचं.

आता प्रश्न. इथे माणसं का नाहीत?

सहज सुचणारं उत्तर असं की, हे काय, उत्तर ध्रुवाकडचा मुलूख, थंडी, वारा, नापीक जमीन. इथे कोण राहील? पर्यटनाची पत्रकंही 'अस्पर्शित निसर्ग' वगैरे शब्द वापरतात. हे उत्तर चूक आहे. १८११ च्या जनगणनेत किल्डोनन पॅरिशची, म्हणजे त्या चर्चच्या हद्दीतल्या मुलखाची, लोकसंख्या १,५७४ होती. १८३१ साली ती २५७ उरली. वीस वर्षांत दर सहा माणसांतली पाच गेली. साथ आली नव्हती, युद्ध झालं नव्हतं, नदी कोपली नव्हती. माणसं काढून टाकली गेली. आणि ज्या वर्षांत खोरं रिकामं होत होतं त्याच वर्षांत, त्याच मालकाच्या हुकमानं, खोऱ्याच्या तोंडाशी हेल्म्सडेल हे गाव फूटपट्टी लावून आखलं जात होतं. तेव्हा हे गाव आणि ती ओसाडी, या दोन वेगळ्या गोष्टी नव्हेत. एकाच कामाच्या दोन बाजू आहेत. आजचं आमचं सांगणं मुख्यतः हेच आहे, बाकी सगळा तपशील.

काढण्याआधी तिथे काय होतं ते बघू. खोऱ्यात छोट्या छोट्या वाड्या होत्या. एकेका वाडीत पाच-दहा घरं, लांबुळकी, दगड-मातीच्या आणि गवताळ ढेकळांच्या भिंतींची. एका टोकाला माणसं, दुसऱ्या टोकाला गुरं, एकाच छपराखाली. नदीकाठच्या सपाटीवर ओट आणि बार्लीचे पट्टे, आणि हे पट्टे आपसांत वाटून, फिरवून घ्यायची पद्धत. खरी दौलत म्हणजे काळी गुरं. उन्हाळ्यात बायका-मुलं गुरं घेऊन वरच्या कुरणांवर झोपड्या बांधून राहत, तिथेच लोणी-चीज करत. शरद ऋतूत गुरं दक्षिणेच्या बाजारात विकून त्या पैशातून खंड भरायचा. भाषा गेलिक. वस्ती जुनी, किती जुनी म्हणाल तर याच खोऱ्यात लोहयुगातले गोल बुरूज आहेत आणि लिअरेबल टेकडीवर त्याहूनही जुन्या उभ्या दगडांच्या रांगा आहेत. हेल्म्सडेल हे नाव मात्र नॉर्स, व्हायकिंगांनी दिलेलं, 'ह्याल्मुंडची दरी' अशा अर्थाचं. गेलिकमध्ये गावाला 'बुन इली' म्हणतात, म्हणजे इली नदीचं मुख.

हे सगळं फार सुखाचं होतं असं समजू नका. वाईट वर्ष आलं की उपासमार ठरलेली, वसंतात साठा संपला की हाल. ही बाजू सांगायलाच हवी, कारण पुढे मालकांनी आपल्या कृत्याचं समर्थन याच मुद्द्यावर केलं.

मालक कोण? सदरलँड काउंटीचा बहुतेक भाग एका बाईच्या मालकीचा होता. एलिझाबेथ, काउंटेस ऑफ सदरलँड. वर्षाची असतानाच वारसा मिळालेली. तिचं लग्न झालं इंग्लंडमधल्या एका अतिश्रीमंत उमरावाशी, तो पुढे मार्क्विस ऑफ स्टॅफर्ड झाला आणि १८३३ साली, मरणाआधी काही महिने, पहिला ड्यूक ऑफ सदरलँड. त्याचा पैसा कालव्यांतून आणि इंग्लंडमधल्या जमिनींतून आलेला. म्हणजे जमीन बायकोची, भांडवल नवऱ्याचं. आणि डोक्यात 'सुधारणा' हा त्या काळचा परवलीचा शब्द.

सुधारणेचं गणित सोपं होतं. नेपोलियनच्या युद्धांमुळे लोकरीला आणि मांसाला भाव आलेला. सरहद्दीकडची शेव्हियट जातीची मेंढी या थंडीत तग धरते हे सिद्ध झालेलं. शेकडो कुळांकडून चिल्लर खंड गोळा करण्यापेक्षा सगळं खोरं एक-दोन बड्या मेंढपाळ व्यापाऱ्यांना पट्ट्यानं दिलं तर खंड कितीतरी पट. पण मेंढ्यांना हिवाळ्यात आसरा लागतो तो नदीकाठच्या सपाटीचा, म्हणजे नेमका जिथे माणसं राहत आणि पेरत होती तिथला. दोघं एकत्र राहू शकत नव्हते. मग माणसांचं काय? त्यांना किनाऱ्यावर आणायचं, छोटे तुकडे द्यायचे आणि मासेमारीला लावायचं.

लोकांकडे जमिनीचे कागद नव्हते. कुळं वर्षावर्षाच्या कराराची, पुष्कळ तर तोंडी. पण त्यांच्या समजुतीत एक न लिहिलेला करार होता: कुळानं वेळेला आपले मुलगे लष्कराला द्यायचे आणि धन्यानं त्यांना जमिनीवरून हलवायचं नाही. ही पोकळ समजूत नव्हती. १७९९-१८०० साली सदरलँड घराण्याच्या नावानं एक पलटण उभी राहिली, ९३ वी हायलँडर्स, आणि तिच्यात भरती करताना कुळांच्या घराघरांतून मुलगे मागून घेतले होते. आपल्याला ही पलटण वेगळ्या कारणानं माहीत असते. १८५७ च्या नोव्हेंबरात लखनौच्या सिकंदरबागेवर जो भयंकर हल्ला झाला त्यात हीच ९३ वी पलटण होती. ज्यांच्या घरातून ही पलटण उभी राहिली त्यांचीच घरं पुढच्या वीस वर्षांत पाडली गेली, ही गोष्ट सिकंदरबाग वाचताना सहसा कुणी सांगत नाही.

१८१३ च्या आरंभी किल्डोननमध्ये ठिणगी पडली. नव्या पट्टेदारांच्या वतीनं जमीन पाहायला आलेल्या लोकांना गावकऱ्यांनी घेरलं आणि हुसकावून लावलं. कारभाऱ्यांनी त्याला दंगल ठरवलं, फोर्ट जॉर्जहून सैन्य मागवलं. रक्त सांडलं नाही. लोकांनी आपल्यातला विल्यम मॅक्डोनाल्ड नावाचा एक जुना सैनिक थेट लंडनला धाडला, गाऱ्हाणं घेऊन. म्हणजे बघा, गेलिक बोलणारी, 'अडाणी' म्हणून हिणवली जाणारी ही माणसं. त्यांनी अर्ज केला, प्रतिनिधी पाठवला, वाटाघाटी मागितल्या. मालकाच्या खंडाइतका खंड आम्ही मिळून भरतो, अशीही त्यांची तयारी होती. उपयोग झाला नाही.

लंडनमध्ये मात्र त्यांना लॉर्ड सेल्कर्क भेटला. त्याला कॅनडात रेड नदीच्या काठी वसाहत करायची होती आणि माणसं हवी होती. किल्डोननमधून शेकडोंनी तयारी दाखवली, प्रत्यक्षात जागा मिळाली शंभरेक जणांना. १८१३ च्या जूनअखेर ते ऑर्क्नीतल्या स्ट्रॉमनेसहून 'प्रिन्स ऑफ वेल्स' जहाजानं निघाले. जहाजात ज्वराची साथ पसरली, काही वाटेतच गेले. घाबरलेल्या कप्तानानं त्यांना ठरल्या ठिकाणी न उतरवता हडसन उपसागरावर चर्चिलला, कितीतरी उत्तरेला उतरवलं. तिथल्या हिवाळ्यात लाकडाच्या झोपड्यांत कसेबसे दिवस काढून, १८१४ च्या एप्रिलमध्ये त्यातले पन्नासच्या आसपास तरुण-तरुणी बर्फावरून चालत यॉर्क फॅक्टरीला गेले, दीडशे मैल. उन्हाळ्यात ते रेड नदीवर पोचले. तो भाग आज विनिपेग शहरात आहे आणि त्याचं नाव अजूनही किल्डोनन आहे.

इथे एक गोष्ट दडवता येत नाही. ती जमीन मोकळी नव्हती. क्री आणि सोल्टो लोक तिथे होते, मेती लोक होते. सोल्टो नायक पेग्विसनं या उपाशी पाहुण्यांना मदत केली. १८१७ साली सेल्कर्कनं त्याच्याशी आणि इतर नायकांशी करार केला. पण पुढल्या शंभर वर्षांत त्या लोकांच्या हातून जमीन गेलीच. बेदखल झालेला माणूस दुसऱ्या कुणाच्या बेदखलीचं साधन होतो, हे जगात अनेकदा घडलंय. याच वसाहतकऱ्यांच्या एका वंशजाचं नाव जॉन डीफेनबेकर. आईकडून बॅनरमन घराण्यातला, १९५७ ते १९६३ कॅनडाचा पंतप्रधान.

मागे राहिलेल्यांचं काय झालं? काही १८१३ लाच हलवले गेले, उरलेले १८१९ च्या मोठ्या मोहिमेत. पद्धत ठरलेली: नोटीस, मुदत, आणि मुदत संपली की छपराची लाकडं काढायची किंवा जाळायची, म्हणजे माणूस परतून येऊ नये. झाडं नसलेल्या मुलखात छपराचं लाकूड ही घरातली सर्वांत मोलाची वस्तू, हे लक्षात घ्या. शेजारच्या स्ट्रॅथनेव्हर खोऱ्यात १८१४ साली पॅट्रिक सेलर या कारभाऱ्यानं जे केलं त्याबद्दल त्याच्यावर खटला झाला, १८१६ च्या एप्रिलमध्ये, इन्व्हर्नेसला. आरोप घरं जाळल्याचा आणि माणसं मेल्याचा. तो निर्दोष सुटला. ज्युरीत बहुतेक जमीनदार आणि प्रतिष्ठित मंडळी होती, त्यामुळे निकालाचं फारसं आश्चर्य वाटू नये. सेलर स्वतःच पुढे त्या भागातला बडा मेंढपाळ पट्टेदार झाला. किल्डोननच्या पाद्र्याचा मुलगा डोनाल्ड सेज तरुणपणी त्या भागात धर्मसेवा करत होता. १८१९ साली लोक निघायच्या आधीच्या शेवटच्या प्रार्थनेचं वर्णन त्यानं आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय. या सगळ्याला इंग्रजीत 'क्लिअरन्सेस' म्हणतात. शब्द कसा निवडलाय बघा, जणू रान साफ केलं.

आता खाली गावात येऊ. हेल्म्सडेलचा नकाशा पाहिला तर रस्ते काटकोनात छेदताना दिसतात. स्कॉटलंडमधलं जुनं खेडं कधी असं नसतं, ते वाकडंतिकडं वाढलेलं असतं. इथे मालकाच्या लोकांनी १८१४ पासून आखणी केली. रस्त्यांची नावं वाचा: डनरॉबिन स्ट्रीट, ट्रेंटम स्ट्रीट, लिलशॉल स्ट्रीट. डनरॉबिन हा सदरलँड घराण्याचा गोल्स्पीजवळचा वाडा. ट्रेंटम आणि लिलशॉल या त्यांच्या इंग्लंडमधल्या इस्टेटी. ज्यांना खोऱ्यातून खाली आणलं, त्यांच्या एकाही वाडीचं नाव तिथे नाही. पत्ता म्हणून धन्याच्या बंगल्यांची नावं. नदीवर थॉमस टेलफर्डचा दगडी पूल १८११ मध्येच झाला होता, तो आजही उभा आहे. बंदर बांधलं, मासे खारवायची आवारं बांधली.

विस्थापितांना गावाभोवतीच्या चढावर तुकडे दिले: वेस्ट हेल्म्सडेल, गार्टीमोर, पोर्टगावर, मॅरल. तुकडा साधारण दोन-तीन एकरांचा, दगडाळ. तो मुद्दामच अपुरा ठेवला होता. शेतीवर पोट भरलं तर माणूस समुद्रावर जाणार नाही, हे कारभाऱ्यांनी हिशेबात धरलेलं होतं आणि त्यांच्या लिखाणात ते उघड मांडलेलं आहे. विचार करा, ज्यानं आयुष्यभर गुरं राखली त्याला पन्नाशीत होडीत बसवायचं, तेही उत्तर समुद्रात.

गंमत अशी की धंदा चालला. हेरिंग नावाचा चंदेरी मासा उन्हाळ्यात थव्यांनी येई. हंगामात बंदरात शेकडो होड्या जमत. पुरुष रात्री जाळी टाकत, बायका दिवसा काठावर उभ्या राहून मासा चिरत, आतडी काढत, मिठाचा थर आणि माशांचा थर असा पिंपात रचत. बोटांना चिंध्या गुंडाळायच्या, नाहीतर सुरी लागायची आणि मीठ झोंबायचं. ही पिंपं आयर्लंडला, बाल्टिककाठच्या देशांना जात. आणि वेस्ट इंडीजमध्येही, तिथल्या ऊसमळ्यांवरच्या गुलामांच्या शिध्यासाठी. त्या काळाचा एकेक धागा ओढला की तो कुठे कुठे जाऊन पोचतो! हा काळ कादंबरीतून समजून घ्यायचा असेल तर नील गनची 'द सिल्व्हर डार्लिंग्ज' आहे, १९४१ ची. गन हेल्म्सडेलच्या उत्तरेला डनबीथचा.

मग 'सुधारणा' यशस्वी झाली असं म्हणायचं का? मालकाचे समर्थक तेव्हाही म्हणत, आजही काही इतिहासकार म्हणतात, की या घराण्यानं रस्ते, पूल, बंदरं यांवर अफाट खर्च केला, बऱ्याच जमीनदारांनी तर माणसं नुसती हाकलली. हे खरं आहे. खर्च झाला, आणि त्यातला पुष्कळसा कधी वसूल झाला नाही हेही खरं आहे. पण आम्हाला विचाराल तर मुद्दा खर्चाचा नाहीच. ज्यांचं जगणं मोडायचं होतं त्यांना कुणी विचारलं नाही, आणि विचारायला लावण्याचा जो मार्ग त्यांनी स्वतः काढला, म्हणजे अर्ज आणि वाटाघाटी, त्याला उत्तर म्हणून सैन्य आलं. हे सगळं पेलायची ताकद नसलेले काही जण तर कुठेच नीट बसले नाहीत. ऑर्डच्या कड्यापलीकडे बॅडबे नावाची पडकी वस्ती आहे. आसपासच्या खोऱ्यांतून, लँगवेल आणि बेरीडेलकडून निघालेली कुटुंबं तिथे समुद्रावर झुकलेल्या उतारावर राहिली. वाऱ्यानं कड्यावरून उडून जाऊ नयेत म्हणून गुरं आणि लहान मुलं दोरीनं बांधून ठेवत, असं सांगतात. शेवटचा रहिवासी १९११ साली तिथून गेला.

खोऱ्यात तोवर मेंढ्या होत्या. मधेच एक विलक्षण प्रकार झाला. रॉबर्ट गिलख्रिस्ट नावाचा किल्डोननचाच माणूस ऑस्ट्रेलियाच्या सोन्याच्या खाणींवर वर्षानुवर्षं काम करून परतला आणि त्यानं या नदीच्या ओढ्यांत सोनं शोधलं. १८६९ साली शेकडो लोक घमेली घेऊन आले. तंबू, लाकडी खोपटी; वस्तीला नाव पडलं 'बाले अन ओर', सोन्याचं गाव. ड्यूकनं महिन्याला एक पौंड परवाना फी लावली, वर सापडेल त्याचा दहावा हिस्सा. पण वर्ष सरता सरता परवानेच बंद केले, कारण मेंढपाळांची आणि शिकारी भाडेकरूंची तक्रार होती. खोऱ्यात माणसं नकोत, हे तोवर तिथल्या कारभाराचं अंगवळणी पडलेलं होतं. आजही हौशी लोक त्या ओढ्यात घमेली हलवताना दिसतात, कण सापडतातही.

पुढे ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडची लोकर स्वस्तात येऊ लागली, मेंढ्यांचं गणित कोलमडलं. मग त्याच टेकड्या हरणांच्या शिकारीसाठी श्रीमंतांना भाड्यानं देण्यात आल्या, नदी सामन माशांच्या गळकऱ्यांना. ती व्यवस्था बरीचशी अजून आहे. ज्याला आपण गाडीतून 'निसर्ग' म्हणून पाहतो तो मेंढी, हरीण, शिकार आणि ठरवून जाळलेली झुडपं यांनी दोनशे वर्षांत घडवलेला आहे. जुन्या वाड्या ओळखायची एक खूण सांगतो: तपकिरी उतारावर मधेच हिरवागार गवताचा तुकडा दिसला की तिथे बहुधा घर होतं. पिढ्यान् पिढ्या शेणखत पडलेली माती आजही वेगळी उगवते. सूर्य खाली आला की भिंतींच्या पायांच्या सावल्याही दिसू लागतात.

पण एक फरक नीट करायला हवा, नाहीतर आम्हीही अतिशयोक्ती केल्यासारखं होईल. खोरं संपून फोर्सिनार्डच्या बाजूला वर गेलं की 'फ्लो कंट्री' सुरू होतो. सुमारे ४,००० चौरस किलोमीटरची दलदल. शेवाळ पाण्यात साठत जातं, कुजत नाही, हजारो वर्षांत त्याचे थर होतात. त्याला पीट म्हणतात. इथे ते काही ठिकाणी दहा मीटर खोल आहे. या थरांत कोंडलेला कार्बन सगळ्या ब्रिटनच्या जंगलांतल्या कार्बनच्या दुपटीहून जास्त धरला जातो. तिथे मोठी वस्ती कधीच नव्हती; ती ओसाडी खरोखरच निसर्गाची. १९८० च्या दशकात करसवलतीच्या लोभानं दूरदूरच्या धनिकांनी तिथे चर खणून परदेशी सूचिपर्णी झाडं लावली. १९८८ च्या अर्थसंकल्पात सवलत बंद झाली तेव्हा ते थांबलं. आता तीच झाडं तोडून चर बुजवले जातायत. २०२४ च्या जुलैमध्ये या प्रदेशाला जागतिक वारसास्थळ म्हणून मान्यता मिळाली, आणि ती बैठक भरली होती आपल्या नवी दिल्लीत. वरची दलदल नैसर्गिकरीत्या रिकामी आणि खालचं खोरं माणसांनी रिकामं केलेलं. दोन्ही एकाच गाडीच्या खिडकीतून लागोपाठ दिसतात, म्हणून गल्लत होते.

आता शेवटचा भाग. त्या दोन-तीन एकरांच्या तुकड्यांवर, त्यांना क्रॉफ्ट म्हणतात, बसलेल्या लोकांच्या नातवंडांनी काय केलं? १८८० च्या दशकात सगळ्या हायलँड्समध्ये क्रॉफ्टरांची चळवळ उठली. हेल्म्सडेलमध्ये १८४८ साली एका क्रॉफ्टर कुटुंबात जन्मलेला अँगस सदरलँड शिकून ग्लासगोत मास्तर झाला होता. किल्डोननमधून आपल्या आजोबा-पणजोबांना कसं काढलं ते तो ऐकतच वाढला होता. सरकारनं नेमलेल्या नेपियर आयोगापुढे १८८३ साली त्यानं साक्ष दिली. १८८५ ला क्रॉफ्टरांना पहिल्यांदा मत मिळालं तेव्हा तो निवडणुकीला उभा राहिला, ड्यूकच्या वारसाविरुद्ध! पडला. १८८६ ला पुन्हा उभा राहिला आणि निवडून आला. त्याच वर्षी क्रॉफ्टर कायदा झाला. आपल्याकडचा कूळकायदा माहीत असणाऱ्यांना तो ओळखीचा वाटेल: बेदखल करता येणार नाही, खंड न्यायाधिकरण ठरवेल, हक्क वारसाला जाईल. मालकी मात्र जमीनदाराचीच राहिली, आणि गेलेलं खोरं परत मिळालं नाही.

भाषाही हळूहळू गेली. या किनाऱ्यावरची गेलिक सर्वांत जास्त टिकली ती कोळ्यांच्या वस्त्यांत, म्हणजे विस्थापितांच्याच वंशजांत. नॅन्सी डोरियन या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ बाईंनी १९६३ पासून ब्रोरा, गोल्स्पी आणि एम्बोच्या कोळ्यांची बोली अभ्यासली. भाषा मरते म्हणजे नेमकं काय होतं यावरचं त्यांचं १९८१ चं पुस्तक जगभर वाचलं जातं.

स्कॉटलंडच्या संसदेनं २००३ साली जमीनसुधारणा कायदा केला. त्यानं दोन गोष्टी दिल्या: कुणाच्याही जमिनीवरून जबाबदारीनं चालत जायचा सगळ्यांना हक्क, आणि ग्रामीण समुदायाला आपली जमीन विकत घेण्याची वाट. २०१६ साली वेस्ट हेल्म्सडेल, मॅरल, गार्टीमोर आणि पोर्टगावर या वस्त्यांच्या लोकांनी 'गारव आल्ट' नावाची संस्था करून सदरलँड इस्टेटकडून तीन हजार एकरांहून अधिक जमीन विकत घेतली. चढावरचे तेच तुकडे आणि त्यामागची सामायिक कुरणं. म्हणजे ज्या चढावर पणजोबांना आणून टाकलं, ती जागा दोनशे वर्षांनी पैसे मोजून स्वतःची केली. खोरं अजून खासगी इस्टेटींचंच आहे.

ज्यांना तिकडे जाणं जमेल त्यांनी हेल्म्सडेलमध्ये 'टाइमस्पॅन' हे छोटं संग्रहालय आधी बघावं. त्यांनी खोऱ्यातल्या केन नावाच्या वाडीत २०१३ साली, विस्थापनाला दोनशे वर्षं झाली तेव्हा, एका लांबघराचं उत्खनन केलं. गावाच्या वर २००७ साली बसवलेला ब्राँझचा पुतळा आहे: पुरुष पुढे पाहतोय, बाई मागे वळून खोऱ्याकडे. तशीच एक प्रत विनिपेगला आहे. परतताना गोल्स्पीजवळ बेन ब्रॅगी टेकडीवर पहिल्या ड्यूकचा भलाथोरला पुतळा दिसेल, १८३७ चा. तो पाडावा की राहू द्यावा, यावर तिथे अधूनमधून वाद पेटतो. तो पाडू नये, पायथ्याशी १,५७४ आणि २५७ हे दोन आकडे कोरावेत असं आमचं मत. आता प्रश्न घेऊ.